विद्यापीठाच्या पर्यावरण कक्षातील उन्हाळी इंटर्नशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्चपासून विद्यार्थ्यांचे तेच प्रश्न येऊ लागतात, म्हणून उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहे. मी स्वतः विद्यार्थी असताना अशाच एका कक्षात उन्हाळा काढला होता आणि आता महाराष्ट्रातील एका सार्वजनिक विद्यापीठात इंटर्नच्या कामाकडे लक्ष देतो. त्यामुळे ही उत्तरे नियमांइतकीच अनुभवाचीही आहेत. कक्षाचे नाव कुठे ‘हरित परिसर कक्ष’, कुठे ‘शाश्वत विकास केंद्र’, तर कुठे नुसतेच ‘पर्यावरण कक्ष’ असते. काम मात्र बहुतेक ठिकाणी सारखेच असते.

या कक्षात नेमके काय काम चालते?

विद्यापीठाचा परिसर म्हणजे एक लहानसे गावच असते. वसतिगृहे, खाणावळी, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, बागा आणि वाहने अशा सगळ्यांचा त्यात समावेश असतो. या गावाला वीज किती लागते, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, कचऱ्याचे काय होते, जुने संगणक कोण उचलते, यांचा हिशेब ठेवणे आणि त्या हिशेबावरून सुधारणा सुचवणे हे कक्षाचे काम असते. नॅकच्या (महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) आजवरच्या मूल्यमापनात सातव्या निकषाखाली ऊर्जा, पाणी, कचरा आणि हरित लेखापरीक्षण यांची माहिती द्यावी लागत आली आहे. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीनमेट्रिक’ क्रमवारीत भाग घ्यायचा असेल, तरी याच विषयांचे आकडे हवे असतात. खरे सांगायचे तर अनेक कक्ष या कागदपत्रांच्या गरजेतून जन्माला आले. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण गरज कागदाची असली तरी त्यासाठी मीटर कोणाला तरी वाचावाच लागतो.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. अर्ज करू शकते का?

अवश्य करा. पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी अर्ज करणारच, पण वीजबिलांचा ताळा जुळवायला लेखाशास्त्र शिकलेले माणूस अधिक उपयोगी पडते. खाणावळीतील मुलांशी बोलायला समाजशास्त्राचा किंवा मराठीचा विद्यार्थी बरा, आणि गळक्या नळांचा नकाशा करायला भूगोलाचा. आम्ही पाहतो ते दोनच गोष्टी : तुम्हाला तक्ता नीट भरता येतो का, आणि अनोळखी माणसाशी नम्रपणे बोलता येते का.

याचे श्रेयांक मिळतात का? किती तास भरावे लागतात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या चौकटीत इंटर्नशिपच्या एका श्रेयांकासाठी साधारण ३० तास धरले जातात. म्हणजे चार श्रेयांकांच्या कार्यप्रशिक्षणासाठी किमान १२० तास लागतात. आपल्या अभ्यासक्रमात हे श्रेयांक कोणत्या सत्रात बसतात, हे आधी विभागप्रमुखांना विचारून घ्यावे आणि त्यांचे शिफारसपत्र अर्जासोबत जोडावे. काम आधी सुरू करून पत्र मागाहून आणणाऱ्यांना जूनमध्ये बरीच धावाधाव करावी लागते. हजेरीपत्रकावर रोजच्या रोज सही घ्यावी, आठवड्याची एकदम घेऊ नये.

मानधन मिळते का?

बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत नाही, किंवा मिळाले तर ते प्रवासखर्चापुरते असते. ही गोष्ट मला मान्य नाही, परंतु ती लपवण्यातही अर्थ नाही, कारण गावाहून येऊन मे महिन्यात खोलीचे भाडे भरणे प्रत्येकाला परवडत नाही. ज्या विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना आहे, तेथे काही तास त्या योजनेतून मिळू शकतात का, याची चौकशी विद्यार्थी विकास विभागात करावी. मात्र एकाच कामाचे तास श्रेयांकांसाठीही दाखवायचे आणि योजनेच्या पैशासाठीही, असे करता येत नाही. राज्य शासनाची २०२४ ची ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना’ वेगळी आहे. ती रोजगाराच्या शोधात असलेल्यांसाठी आहे, शिकत असलेल्यांसाठी नाही. या दोहोंत दरवर्षी गल्लत होते.

अर्जात काय लिहावे?

‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या अर्जांत असते. ते खोटे नसते, पण त्यावरून काही ठरवताही येत नाही. त्याऐवजी आपल्या वसतिगृहात किंवा घराच्या परिसरात जे खटकले असेल, त्यातील एक गोष्ट नीट पाहून लिहावी. एका मुलीने लिहिले होते की तिच्या वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकी रोज पहाटे भरून वाहते आणि त्या पाण्याने भिंतीवर शेवाळाचा पट्टा उमटला आहे. तो पट्टा किती रुंद आहे, हेही तिने मोजले होते. तिला आम्ही मुलाखतीत फारसे काही विचारलेच नाही.

पहिल्या आठवड्यात काय करावे लागते?

चालावे लागते. परिसरात मीटर कुठे आहेत, पंप कुठे आहेत, कचऱ्याची गाडी कोणत्या फाटकातून येते, हे पाहिल्याशिवाय पुढचे काम समजत नाही. याच आठवड्यात विद्युत विभाग, स्थावर विभाग, उद्यान विभाग आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांना भेटावे. तारतंत्री, पंपचालक, माळी आणि सफाई कामगार यांनाही तितक्याच आवर्जून भेटावे. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडतात हे पंपचालक मामांना पाठ असते. ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

मे महिन्यात परिसर रिकामा असतो. मग मोजून उपयोग काय?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो न विचारता काम सुरू करणारे सर्वांत मोठी चूक करतात. परीक्षा संपल्या की वसतिगृहे ओस पडतात आणि बऱ्याच खाणावळी बंद होतात. अशा दिवसांत मोजलेल्या कचऱ्याला बाराने गुणून ‘विद्यापीठाचा वार्षिक कचरा’ काढला, तर येणारा आकडा निव्वळ काल्पनिक असतो. म्हणून खरकटे, प्रवासाची साधने, वर्गखोल्यांचा वापर या गोष्टी मे महिन्यात मोजू नयेत. मोजल्याच, तर अहवालात ‘सुट्टीतील मोजणी’ असे ठळकपणे लिहावे.

पण रिकाम्या परिसराचा एक मोठा फायदा असतो. कोणी नसताना जी वीज जळते आणि जे पाणी वाहते, ते याच दिवसांत उघडे पडते. रात्री साडेअकरा वाजता एखाद्या बंद इमारतीचा मीटर वाचावा, पहाटे पाच वाजता पुन्हा वाचावा. मधल्या साडेपाच तासांत जो फरक येतो, तो त्या इमारतीचा पायाभूत भार असतो. शीतकपाटे, सर्व्हर, कोणी बंद न केलेले पाणी थंड करणारे यंत्र आणि सुट्टीवर गेलेल्या एखाद्या प्राध्यापकांच्या खोलीतील वातानुकूलन यंत्रही त्यातच येते. काही गोष्टी चालू राहायलाच हव्यात. जीवशास्त्र विभागाच्या उणे तापमानाच्या शीतकपाटाला हात लावायचा नाही. बाकीच्यांची यादी करून ती विभागाला द्यायची. उन्हाळ्यात यापेक्षा फलदायी काम मी पाहिलेले नाही.

ग्रंथालय मात्र याला अपवाद आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका मे महिन्यातही भरलेल्या असतात, त्यामुळे तेथील वापर खराखुरा असतो.

वीजबिल वाचता येत नाही. कुठून सुरुवात करू?

मोठ्या परिसराचे बिल घरच्या बिलासारखे नसते. त्यात युनिटांखेरीज करार मागणी (वीज कंपनीशी ठरवलेली भाराची मर्यादा), कमाल मागणी (महिन्यातील सर्वाधिक भार), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते याचे प्रमाण) आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांनुसार आकारणी असे रकाने असतात. कमाल मागणीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण एखाद्या दुपारी सगळी यंत्रे एकदम चालली की त्या महिन्याचा मागणी आकार वाढतो, मग युनिटे कमी का असेनात.

आणि ‘मल्टिप्लाइंग फॅक्टर’ हा रकाना कधीही विसरू नये. मोठ्या भाराच्या मीटरला सगळा प्रवाह थेट जात नाही. करंट ट्रान्सफॉर्मर तो ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरपर्यंत पोहोचवतो. ट्रान्सफॉर्मर २००/५ चा असेल, तर मीटरवरच्या फरकाला ४० ने गुणावे लागते. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मला हे ठाऊक नव्हते. एका तीन मजली इमारतीचा मीटर मी महिनाभर रोज सकाळी वाचला, फरक १५० आला, आणि ‘ही इमारत अत्यंत काटकसरी आहे’ असे मी अहवालात मोठ्या अभिमानाने लिहिले. खरा वापर ६,००० युनिटांचा होता. तेथील तारतंत्र्याने अहवाल वाचून एवढेच विचारले, ‘‘सर, एवढ्या युनिटांत तर आमच्या घरचा एसी पण चालत नाही. हा आकडा आला कुठून?’’ तोच प्रश्न आता मी प्रत्येक इंटर्नला, प्रत्येक आकड्यासमोर विचारतो.

कचऱ्याचे मोजमाप कसे करतात? हाताने उचलावा लागतो का?

वर्गीकरण करताना हात घालावा लागतो, पण जाड हातमोजे, मास्क आणि बंद बूट असल्याशिवाय कोणालाही ते काम दिले जात नाही. प्रयोगशाळेतील रसायने, सुया, फुटकी काच आणि सॅनिटरी कचरा इंटर्नने हाताळायचाच नाही. ही अट आहे.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी, दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांना मोठे कचरानिर्माते ठरवले आणि विद्यापीठांचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. त्यामुळे ‘आपला कचरा किती’ या प्रश्नाला वजनकाट्याचे उत्तर लागते. अंदाजपंचे चालत नाही. खाणावळीतील मोजणी अशी होते : रात्री नऊच्या सुमारास ताटे धुण्याच्या जागेजवळ दोन पिंपे ठेवायची, एक ताटातील उरल्यासुरल्यासाठी आणि दुसरे स्वयंपाकघरातील साली-देठांसाठी. पिंपे रिकामी असतानाच तोलून त्यांचे वजन खडूने पिंपावरच लिहून ठेवायचे, नाहीतर रोज तीन-चार किलो प्लॅस्टिक खरकट्यात जमा होते. ताटे किती उचलली गेली, तेही मोजायचे, कारण एकूण किलोंपेक्षा दरडोई ग्रॅम अधिक बोलका असतो. चार रात्री उभे राहिले की कळते की पोळी फारशी टाकली जात नाही, भात टाकला जातो, आणि दुधी भोपळ्याच्या दिवशी पिंप लवकर भरते. खाणावळीच्या मावशींना हे आधीपासून माहीत असते. त्यांना विचारून सुरुवात केली असती तर दोन रात्री वाचल्या असत्या, असे दरवर्षीचे इंटर्न दरवर्षी लिहितात.

पालापाचोळ्याचा वेगळा हिशेब ठेवावा. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ होते आणि सवयीने ढीग पेटवले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घालून दंड ठरवून दिला आहे, पण माळ्याला दंडाची भीती दाखवून काही साधत नाही. त्याला ढीग टाकायला खड्डा आणि वाहून न्यायला हातगाडी मिळाली का, हे आधी पाहावे. खरकट्याचे खत करताना हाच सुका पाला थरांमध्ये लागतो. तो नसेल तर ढिगाला वास सुटतो आणि आठवड्याभरात वसतिगृहातून तक्रार येते.

पाण्याचा अभ्यास एक-दोन महिन्यांत होतो का?

संपूर्ण होत नाही, पण गळतीचा होतो. लिटरभराची बाटली आणि मोबाइलमधील घड्याळ एवढीच साधने लागतात. एखाद्या नळाखाली बाटली २० मिनिटांत भरत असेल, तर तो नळ दिवसाला ७२ लिटर पाणी गमावतो. असे नळ मोजून, खोली क्रमांकासह यादी प्लंबरकडे द्यावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे. दुसरी फेरी बहुतेक जण करत नाहीत, आणि खरी माहिती तिच्यातच असते.

पावसाच्या पाण्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर सात लाख लिटर पडते. त्यातील वीस टक्के वाया गेले असे धरले तरी ५ लाख ६० हजार लिटर हाती येते. हा आकडा कागदावर फार सुंदर दिसतो. म्हणून त्यासोबत गच्चीवरील पाइपांची आजची छायाचित्रेही जोडावीत. त्यांतील काही तुटलेले असतात आणि काहींचे तोंड थेट गटारात असते. ही पाहणी जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी संपवावी, नंतर दुरुस्तीला सवड उरत नाही.

कार्बन पाऊलखूण काढायला मिळेल का?

मिळेल, पण ती, म्हणजे संस्थेमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा एकूण हिशेब, शेवटी काढायची असते. संस्थेने स्वतः जाळलेले इंधन स्कोप १ मध्ये येते, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये, आणि विद्यार्थ्यांचा प्रवास, कचरा, खरेदी यांसारख्या गोष्टी स्कोप ३ मध्ये. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन गुणांक प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तो एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड इतका राहिला आहे. जनरेटरमधील एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो बाहेर पडतो. परदेशी संकेतस्थळावरील तयार गणकयंत्र वापरल्यास तेथील देशाचा गुणांक लागतो आणि उत्तर चुकते, म्हणून आपला तक्ता आपणच करावा.

एक उदाहरण घेऊ. जुना पंखा ७५ वॅटचा आणि बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० वॅटचा धरला, आणि तो वर्षातील २५० दिवस रोज १२ तास चालला, तर एका पंख्यामागे १३५ युनिटे, म्हणजे साधारण ९५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. अशी मांडणी कुलसचिवांसमोर ठेवता येते, कारण त्यातील प्रत्येक आकडा कुठून आला हे सांगता येते. ‘आपला परिसर २०३० पर्यंत कार्बनमुक्त’ अशी घोषणा त्यांच्यासमोर ठेवू नये.

आम्ही वृक्षारोपण करणार का?

बहुधा नाही. मे महिन्यात लावलेले रोप जगवायला टँकर लागतो, आणि जुलैतील कार्यक्रमाला माणसे आपोआप मिळतात. त्याऐवजी गेल्या तीन वर्षांत लावलेल्या रोपांपैकी किती जगली, याची मोजणी करावी. ती फारशी कोणी करत नाही. असलेल्या झाडांची नोंद करायची असेल तर खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांची गर्दी कुठे आहे, वड-उंबर कुठे उरले आहेत, बहावा कुठे फुलला आहे, ही माहिती उद्यान विभागाला खरोखर हवी असते. ‘एक झाड वर्षाला अमुक किलो कार्बन शोषते’ असा एकच आकडा सगळ्या झाडांना लावलेला अहवाल मात्र आम्ही परत पाठवतो.

विभाग माहिती देत नाहीत. काय करावे?

नुसते तोंडी मागितल्यास ती मिळणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कक्षाच्या समन्वयकांच्या सहीचे पत्र घ्यावे, त्यात नेमकी कोणत्या महिन्यांची कोणती माहिती हवी ते लिहावे, आवक-जावक विभागात एक प्रत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा आणि चार दिवसांनी स्वतः जाऊन भेटावे. ‘सर्व माहिती मिळावी’ असे लिहिलेले पत्र नस्तीत जाऊन पडते. ‘एप्रिल ते मार्च या बारा महिन्यांच्या वीजबिलांच्या छायाप्रती’ असे लिहिलेल्या पत्रावर लिपिक उठून कपाट उघडतो. लेखा विभागात मार्चअखेरीस आणि लेखापरीक्षण चालू असताना जाऊ नये. मिळालेली बिले आणि कामगारांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

कामाची वेळ काय असते?

बाहेरचे काम सकाळी सात ते साडेदहा, आणि नंतर कक्षात बसून तक्ते. विदर्भ-मराठवाड्यातील विद्यापीठांत तर अकरानंतर गच्चीवर कोणालाही पाठवू नये. टोपी आणि पाण्याची बाटली स्वतःची आणावी.

अहवाल मराठीत लिहिला तर चालेल का?

विभागाचा नियम पाहावा. पुष्कळ ठिकाणी इंग्रजी मागतात. तरीही दोन पानांचा मराठी गोषवारा लिहावाच, असा माझा आग्रह आहे. ज्या पंपचालकाने, मावशींनी आणि माळ्याने माहिती दिली, त्यांना तो वाचता यायला हवा, आणि त्यांनी वाचला की चुकाही सापडतात. ‘पायाभूत भार’ असे लिहून पुढे ‘म्हणजे कोणी नसताना जळणारी वीज’ असे लिहायला लागल्यावर आपल्यालाच तो विषय समजला होता की नव्हता, तेही कळते.

पुढे नोकरीसाठी उपयोग होतो का?

थेट नोकरी मिळेल असे सांगणार नाही. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. त्यामुळे ऊर्जा, पाणी आणि कचऱ्याचे आकडे गोळा करू शकणाऱ्यांची गरज वाढली आहे. मुलाखतीत आपला तक्ता उघडून दाखवता आला, तर प्रमाणपत्रापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

शेवटच्या दिवशी काय जमा करायचे?

अहवाल, मूळ नोंदींची वही आणि तक्त्यांची फाइल. वहीत खाडाखोड असली तरी चालते, पण पाने फाडलेली नसावीत. प्रत्येक मीटर कुठे आहे, त्याचा गुणक किती आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, याचे एक पान वहीच्या सुरुवातीला असावे. पुढच्या वर्षीचा इंटर्न ते पान घेऊनच पहिल्या दिवशी बाहेर पडतो. वजनकाटा विद्युत घट काढून परत द्यावा. मागच्या वर्षी ते घट आतच राहिले, पावसाळ्यात गळले आणि काटा टाकून द्यावा लागला.